बेसमेंटमधलं सांडपाण्याचं बेसिन गळतंय: अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

फिनिश्ड बेसमेंट असलेल्या घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बेसिन म्हणजे इथे हात धुण्याचं भांडं नव्हे, बेसमेंटच्या जमिनीत पुरलेली सांडपाण्याची टाकी. त्यांना दोन हंगाम आहेत: बर्फ वितळतं तेव्हा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आणि गणपतीत, जेव्हा सगळे पाहुणे बेसमेंटमधलंच बाथरूम वापरतात. उत्तरं तिकडच्या स्वतंत्र घरांसाठी आहेत. भारतातल्या सोसायट्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १७ मध्ये. आत्ता पाणी सांडत असेल तर बेसमेंटमधले नळ, कमोड आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा आणि थेट प्रश्न ३ वाचा.

१. आमच्या बेसमेंटच्या जमिनीत दोन खड्डे आहेत. सांडपाण्याचा कोणता?

ज्याचं झाकण बोल्टने आवळलेलं आहे आणि ज्यातून दोन पाइप वर जातात, तो. त्यातला एक पंपाचा, बहुधा २ इंची. दुसरा हवेचा, जो घराच्या व्हेंटला मिळून छतावर निघतो. हा इजेक्टर पिट. बेसमेंट बाहेरच्या गटारवाहिनीपेक्षा खाली असतं, त्यामुळे तिथल्या कमोडचं, शॉवरचं पाणी उताराने जाऊ शकत नाही. ते या टाकीत साठतं आणि पंप ते वर ढकलतो. घरगुती बेसिन साधारण १८ इंच व्यासाचं आणि ३० इंच खोल असतं, काठोकाठ भरलं तर ३३ गॅलन, म्हणजे सुमारे १२५ लिटर.

दुसरा खड्डा सम्प. त्यात पायाभोवतीचं जमिनीतलं पाणी येतं आणि अंगणात सोडलं जातं. सम्पच्या भिंतीला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. इजेक्टरच्या बेसिनला एकही चालत नाही.

२. बेसिन गळतंय तर अख्ख्या घराचे संडास बंद ठेवायचे का?

बहुतेक घरांत नाही. वरच्या मजल्यांचं पाणी उताराने थेट मुख्य वाहिनीत जातं, पंपाकडे येतच नाही. खात्री करायला पहिल्या मजल्यावरचा नळ पाचेक मिनिटं सोडा आणि खाली पंप सुरू होतो का ऐका. मोजक्या घरांत, विशेषतः मुख्य वाहिनी बेसमेंटच्या छताजवळून बाहेर पडते तिथे, खालचं स्वयंपाकघर किंवा लाँड्रीही पंपावर असते. ते सगळं बंद.

३. झाकणाभोवती फरशी ओली आहे. बेसिन फुटलं ना?

बहुधा नाही. या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: काँक्रीट फोडायच्या आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधा. वरून सुरुवात करा. चेक व्हॉल्व्हचे रबरी जोड (वर गेलेलं पाणी परत खाली येऊ न देणारा, भारतात ज्याला एनआरव्ही म्हणतात तोच हा व्हॉल्व्ह) सैल होतात आणि पंप सुरू झाला की पाइपवरून थेंब ओघळतात. पाइपभोवती टिशूपेपर गुंडाळा आणि पंप सुरू होईपर्यंत कोणाला तरी बेसमेंटमधला कमोड फ्लश करायला सांगा. कागद भिजला की जागा सापडली. मग झाकणाची रबरी कडा, पाइप आणि वायर झाकणातून जातात तिथल्या रबरी खुंट्या. पंप बंद पडून टाकी भरली असेल तर पाणी झाकणाखालून वर येतं. तो पंपाचा किंवा फ्लोटचा (पातळी वाढली की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचचा) बिघाड, बेसिनचा नव्हे.

हे सगळं कोरडं असेल तरच बेसिनच्या भिंतीवर किंवा आत येणाऱ्या पाइपच्या जोडावर संशय घ्या, आणि प्रश्न ४ ची चाचणी करा. एक अपवाद: फरशी आणि बेसिन यांच्या फटीतून स्वच्छ, बिनवासाचं पाणी वर येत असेल तर ते जमिनीतलं पाणी असू शकतं. तेव्हा आधी सम्पचा पंप चालतो का बघा.

४. बेसिनची भिंत गळतेय की नाही, हे घरच्या घरी कळतं का?

कळतं, आणि त्याला एका रात्रीपलीकडे काही लागत नाही. बेसमेंटमधल्या कमोडचा भिंतीजवळचा कॉक बंद करा, कारण गळका फ्लॅपर (कमोडच्या टाकीच्या तळाचं रबरी झाकण) चाचणीचा विचका करतो. एसीचं किंवा वॉटर सॉफ्टनरचं पाणी या टाकीत येत असेल तर तेही थांबवा. पंपाचा प्लग काढा. सिंकचा नळ सोडून टाकीतली पातळी आत येणाऱ्या पाइपच्या थोडी खाली आणा, झाकणाच्या तपासणी-छिद्रातून काठी घालून ती मोजा आणि लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा.

पातळी उतरली तर पाणी बाहेर जातंय. जिथे येऊन ती थांबते, भोक साधारण त्याच उंचीवर. पातळी चढली तर बाहेरचं पाणी आत येतंय (दीडेक इंच चढून थांबली तर चेक व्हॉल्व्हही असू शकतो, प्रश्न ५). जशीच्या तशी राहिली तर भिंत शाबूत असावी, पण इथे एक फसवणूक होते. बाहेर जमिनीतलं पाणी नेमकं तेवढ्याच उंचीला असेल तर भोक असूनही पातळी हलत नाही. म्हणून त्याच वेळी शेजारच्या सम्पमध्ये डोकावा: तिथलं पाणी बाहेरच्या पातळीचा बऱ्यापैकी अंदाज देतं. दोन्ही पातळ्या सारख्या दिसल्या तर कोरड्या आठवड्यात चाचणी पुन्हा करा.

आत येणाऱ्या पाइपचा जोड या चाचणीत सापडत नाही, कारण तो पातळीच्या वर असतो. त्यासाठी प्रश्न १०.

५. घरात कोणी नसतानाही पंप अधूनमधून सुरू होतो. हीच गळती का?

तीन शक्यता आहेत. पहिली आणि सर्वांत स्वस्त, चेक व्हॉल्व्ह धरत नाही. पंप थांबला की पाइपमधलं पाणी परत टाकीत पडतं. १० फूट उंच २ इंची पाइपमध्ये सुमारे १.६ गॅलन पाणी मावतं, म्हणजे १८ इंची बेसिनमध्ये पातळी दीडेक इंच चढते आणि तिथेच थांबते; फ्लोट तेवढ्यावरच पंप सुरू करत असेल तरच तो यामुळे पुन्हा चालतो. दुसरी, कमोडचा फ्लॅपर गळतो. त्याच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरला का बघा. तिसरी, जमिनीतलं पाणी आत येतंय. ते पावसानंतर वाढतं आणि कोरड्या दिवसांत थांबतं, आणि हा ठेका बाकी दोघांना नसतो.

६. झाकण स्वतः उघडलं तर चालेल का?

चालेल, पण घाई नको. खाली हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाण असेल तर नाकाला येईनासा होतो, म्हणून 'आता वास गेला' यावर भरवसा ठेवू नका. खिडक्या उघडा, पंखा लावा, जवळच्या गॅस वॉटर हीटरची ज्योत बंद करा, पंपाचा प्लग काढा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. खड्ड्यात डोकं घालू नका. आतलं बघायला टॉर्च आणि काठीला बांधलेला फोन पुरतो. पंप उचलताना हँडलला धरा, वायरला कधीच नाही. वायर जिथे पंपात शिरते तिथलं सील ओढून फाटलं की पंपात पाणी शिरतं.

७. झाकण काढल्यावर दिसलं की पंप चालताना आत पाइपमधून एक बारीक फवारा उडतोय. पाइपला भोक पडलंय!

ते भोक बसवणाऱ्यानेच पाडलेलं असतं. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवा अडकली तर पंप नुसताच फिरतो, पाणी उचलत नाही. ती हवा निघून जावी म्हणून साधारण ३/१६ इंचाचं छिद्र ठेवतात. फवारा टाकीच्या आत आणि खालच्या दिशेला उडत असेल तर सगळं ठीक आहे. काही जण ते इपॉक्सीने बुजवतात आणि मग महिनाभराने 'पंप चालतो पण पाणी जात नाही' असा नवा प्रश्न पाठवतात.

८. वास येतो, पण कुठेही ओल नाही.

मग द्रव नाही, वायू गळतोय. झाकणाची कडा, वायरची खुंटी, व्हेंटच्या पाइपचा जोड तपासा. साबणाचं पाणी लावा आणि फ्लश करा, बुडबुडे जागा दाखवतात. झाकण सिलिकॉनने सील करा; पॉलियुरेथेनचा पक्का गोंद लावलात तर पुढच्या वेळी झाकण फोडूनच काढावं लागेल. न वापरलेल्या फ्लोअर ड्रेनचा ट्रॅप (पाणी साठवून वायू अडवणारा वाकडा पाइप) सुकला तरी हाच वास येतो, त्यात लोटाभर पाणी ओतून पाहणं आधी करा.

९. भेग इपॉक्सीने किंवा एम-सीलने बुजवली तर?

बेसिन कशाचं आहे त्यावर ठरतं. हल्लीची बहुतेक पॉलिथिलीनची असतात, आणि पॉलिथिलीनला कोणतंही गोंद-इपॉक्सी नीट धरत नाही. आज चिकटल्यासारखं वाटतं, पंपाच्या कंपनाने काही आठवड्यांत सुटतं. प्लॅस्टिक वेल्डिंग कारखान्यात उत्तम होतं, मैल्यात भिजलेल्या, खाली जमीन ढिली झालेल्या भिंतीवर नाही. भेग पडली ती मुळात जमिनीचा दाब एका बाजूने आला म्हणून, आणि तो दाब तसाच राहतो. पॉलिथिलीनचं बेसिन चिरलं तर बदला. मलमपट्टीवर घालवलेला वीकेंड वाया जातो.

फायबरग्लासला राळ आणि काचेच्या कापडाची पट्टी चांगली बसते, फक्त पृष्ठभाग घासून पूर्ण कोरडा करावा लागतो. जुन्या घरांतल्या काँक्रीटच्या खड्ड्यात पाणी आत येत असेल तर हायड्रॉलिक सिमेंट ओल्यातही काही मिनिटांत घट्ट होतं. पण काँक्रीट पाण्याच्या पातळीच्या वर भुसभुशीत झालं असेल तर वेगळी गोष्ट आहे: हायड्रोजन सल्फाइडपासून ओलसर भिंतीवरचे जिवाणू गंधकाम्ल तयार करतात आणि ते सिमेंट खातं. स्क्रूड्रायव्हरने खरवडून वाळू पडली तर सिमेंट भरून उपयोग नाही, प्रश्न ११ वाचा. गंजलेल्या पोलादी टाकीला ठिगळ लावू नये.

१०. पाइप बेसिनमध्ये शिरतो तिथेच गळतंय. त्यासाठी सगळं बदलायचं?

नाही. मातीत पुरलेल्या भागात सर्वांत आधी दगा देणारी जागा माझ्या मते हीच. घर बांधताना खड्ड्याभोवतीची माती नीट ठोकलेली नसते, ती बसते, ४ इंची पाइप खाली वाकतो आणि रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकात पाइपभोवती बसणारं कडं, एका बाजूने उघडतं. झाकणाच्या छिद्रातून बघत असताना सिंकमध्ये रंगीत पाणी ओता. ते पाइपच्या तोंडातून न पडता बाहेरच्या कडेने झिरपत असेल तर निदान झालं.

दुरुस्तीसाठी त्या बाजूचा फरशीचा छोटा तुकडा कापतात, नवं ग्रॉमेट बसवतात आणि पाइपखाली खडी ठोकून त्याला आधार देतात. नुसतं ग्रॉमेट बदलून आधार न देणारा प्लंबर दोन वर्षांत परत येईल.

११. जुन्या बेसिनच्या आतच लहान बेसिन बसवता येतं म्हणे. फरशी फोडायची वाचेल?

जुना खड्डा २४ इंची किंवा मोठा असेल तर आत १८ इंची बसतं आणि मधली पोकळी पातळ काँक्रीटने भरतात. कुजलेल्या काँक्रीटच्या खड्ड्यांना हा उपाय छान लागू पडतो. अडचण पाइपची: येणारा पाइप नव्या भिंतीतून आत न्यायचा तर तिथे थोडी फोडाफोड होतेच. अनेक गावांच्या नियमांचा आधार असलेल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडमध्ये अशा खड्ड्याचा व्यास किमान १८ इंच आणि खोली किमान २४ इंच लागते, त्यामुळे १८ इंची खड्ड्यात आणखी लहान काही घुसवता येत नाही.

१२. पूर्ण बदलायचं ठरलं. नेमकं काय काय होतं?

आधी गावाच्या बिल्डिंग ऑफिसातून परमिट. मग टाकी उपसून धुतात, पंप काढतात आणि येणाऱ्या पाइपला बूच मारतात. फरशी बेसिनच्या चहूबाजूंनी फूटभर मोठी कापतात, पाणी मारत मारत, कारण कोरड्या कापणीची सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. कापण्याआधी दोन गोष्टी विचारायच्याच: फरशीखाली गरम पाण्याच्या हीटिंगच्या नळ्या आहेत का, आणि भिंतीचा पाया किती जवळ आहे. पायाच्या तळकडेपासून ४५ अंशांत खाली जाणाऱ्या कल्पित रेषेच्या आत खणलं तर भिंतीखालची जमीन सुटते.

जुनं बेसिन काढल्यावर तळाशी काही इंच खडी ठोकून सपाट करतात. नवं बेसिन येणाऱ्या पाइपच्या उंचीला जुळवून बसवतात, भोक होल-सॉने पाडतात, ग्रॉमेट, पाइप, मग बाहेरून बारीक गोल खडी. खडी भरत असताना आत पाणी भरत जायला हवं, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. रिकामं बेसिन म्हणजे जमिनीतलं पाणी वर ढकलू पाहणारी होडी: ३३ गॅलनच्या बेसिनला पूर्ण बुडाल्यावर सुमारे २७५ पौंड, म्हणजे १२५ किलोचा वर रेटणारा जोर लागतो. म्हणून बेसिनच्या कडेवर किंवा तळाच्या पट्ट्यावर काँक्रीट घालून ते जखडतात. याच कारणाने हे काम शक्य तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढा, एप्रिलमध्ये नको.

फरशी ओतण्याआधी टाकीत पाणी भरून २४ तास ठेवून बघा, आणि इन्स्पेक्टरला तेव्हाच बोलवा. काँक्रीटखालचा प्लॅस्टिकचा पडदा कापला गेला असेल तर तोही जोडून घ्यायचा, रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तिथूनच वर येतो. शेवटी पंप, त्याच्या वर चेक व्हॉल्व्ह, त्याच्याही वर पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह, व्हेंट आणि रबरी कडेचं झाकण. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. सगळ्याला दोन ते तीन दिवस धरून चला.

१३. पंप चालू आहे. बेसिनबरोबर तोही बदलायचा का?

सात वर्षांहून जुना असेल तर हो. सगळं उघडलेलं असताना त्याची मजुरी जवळपास फुकटात पडते. कमोड जोडलेला असेल तर २ इंची घन पदार्थ पुढे ढकलणारा सांडपाण्याचाच पंप हवा. सम्पचा पंप इथे तुंबतो. पातळी वाढली की वाजणारा अलार्म त्याच वेळी लावा, आणि तो पंपापेक्षा वेगळ्या सर्किटवर, नाहीतर ब्रेकर पडला की दोघे एकदम गप्प होतात.

१४. किती खर्च येतो, आणि मी स्वतः करू शकतो का?

वरचे जोड, चेक व्हॉल्व्ह, झाकणाची कडा हे शेकडो डॉलरांत निभतं. फरशी फोडून बेसिन बदलणं हजारांत जातं. कोटेशनात माती-काँक्रीट उचलून नेणं, परमिटची फी आणि वरची फरशी किंवा कारपेट पुन्हा बसवणं धरलंय का ते विचारा, बहुतेक वाद तिथेच होतात. झाकण न उघडता 'बेसिनच बदला' म्हणणाऱ्याला निरोप द्या.

स्वतः राहत्या स्वतंत्र घरात मालकाने प्लंबिंग करायला अनेक ठिकाणी परवानगी असते, परमिट मात्र लागतं. गावाच्या ऑफिसात विचारा. चेक व्हॉल्व्ह आणि पंप बदलणं अशा कामात हात बसलेल्या माणसाला जमतं. फरशी कापणं माझ्या मते नको.

१५. सांडलेलं पाणी कसं साफ करायचं? विमा देईल का?

पुसण्याआधी फोटो काढा. नेहमीच्या घरविम्यात गटाराचं पाणी उलटणं किंवा पंप भरून वाहणं सहसा येत नाही. त्यासाठी 'वॉटर बॅकअप' नावाचं पुरवणी कवच वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही नुकसानीचे पैसे देतं, झिजलेल्या बेसिनचे नाही. कारपेट, त्याखालचा फोम आणि भिजलेला ड्रायवॉल वाचवायच्या फंदात पडू नका. कठीण पृष्ठभाग साबणाने धुऊन मग एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच घालून पुसा. ब्लीचमध्ये अमोनियाचं काहीही मिसळू नका.

१६. जमिनीतलं पाणी आत येतंय, घाण बाहेर जात नाही. मग बिघडलं कुठे? आणि गणपतीला ४० माणसं येणार आहेत, तेवढं निघेल?

ज्या भोकातून एप्रिलमध्ये पाणी आत येतं, त्याच भोकातून ऑगस्टमध्ये मैला बाहेर जातो. शिवाय स्वच्छ पाणी गटारवाहिनीत सोडायला बऱ्याच गावांत मनाई आहे, आणि घर सेप्टिक टँकवर असेल तर रोजचं जादा पाणी शोषखड्ड्याची जमीन बुडवतं.

गणपतीचं म्हणाल तर पंप चाळीस माणसांना पुरेल. १.६ गॅलनचा फ्लश धरला तर पाच-सहा फ्लशला एकदा तो सुरू होईल, इतकंच. गळका जोड मात्र तितक्यांदा गळेल. त्या दिवसापुरतं खालच्या बाथरूमच्या दारावर 'बंद आहे, कृपया वर जावे' असा कागद लावा. तळणीचं तेल खालच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि वेट वाइप्सचं पाकीट तिथून उचलून ठेवा. त्यावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असलं तरी.

१७. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्येही सांडपाण्याची टाकी गळते. हीच उत्तरं लागू?

फार थोडी. तिथे प्लॅस्टिकचं बेसिन नसतं, आरसीसीची मोठी टाकी असते, बहुधा एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) जोडलेली, आणि पाळीने चालणारे दोन सबमर्सिबल पंप. भेगांमध्ये दाबाने ग्राउट भरणं किंवा आतून स्फटिकी वॉटरप्रूफिंग हे तिथले उपाय, आणि दोन्हींना टाकी रिकामी आणि धुतलेली लागते.

नेमकं इथेच जीव जातात. प्रश्न ६ मधला वायू इथे खोलीभर साचलेला असतो, आणि एक माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. कमिटीने उपसण्यासाठी सक्शन गाडी मागवावी, दुरुस्तीच्या ठेकेदाराकडून वायू मोजण्याचं यंत्र, ब्लोअर आणि दोर-हार्नेस दाखवून घ्यावं, आणि ते नसेल तर काम त्या दिवशी थांबवावं. 'आमची माणसं नेहमी उतरतात' हे उत्तर ऐकलं की ठेकेदार बदला.